पाव आण्याचे अंतर : टपालदर, वर्गणीदार आणि रत्नागिरीचा वाचक

१

मराठी नियतकालिकांचा इतिहास आपण बहुतांशी संपादकांचा आणि त्यांच्या भूमिकांचा इतिहास म्हणून लिहिला आहे. कोणते पत्र कोणी काढले, ते कोणत्या मतासाठी झगडले, कोणत्या वादात पडले आणि कशामुळे बंद झाले, याची नोंद आपल्याकडे तपशिलाने सापडते. छापखान्यांविषयीही बरेच लिहिले गेले आहे. अंक छापखान्यातून बाहेर पडल्यानंतर वाचकाच्या हाती पडेपर्यंत जो प्रवास करतो, त्याचा विचार मात्र वाङ्मयेतिहासाने स्वतःचा मानलेला नाही. वेष्टनावरचे तिकीट, पत्त्याची चिठ्ठी, टपालहशील, व्ही. पी. या गोष्टी व्यवस्थापकाच्या टेबलावरच्या. समीक्षकाने त्यांत लक्ष का घालावे, अशी आपली धारणा दिसते.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे या धारणेच्या विरुद्ध आहे. नियतकालिकांना मिळालेली टपालदराची सवलत ही वाङ्मयव्यवहाराच्या बाहेरची सोय नव्हती. नियतकालिक कशाला म्हणावे, ते किती दिवसांनी निघावे आणि त्याचा वाचक कोण, या प्रश्नांची उत्तरे तिने काही अंशी आधीच देऊन ठेवली होती. हे पाहण्यासाठी मुंबई-पुण्यापेक्षा रत्नागिरी हे ठिकाण अधिक सोयीचे आहे. जेथे अंक दुकानात विकत मिळतो तेथे टपाल अदृश्य राहते. जेथे अंक केवळ टपालानेच येऊ शकतो तेथे त्याचे कार्य स्पष्ट दिसते.

२

मराठी पत्रसृष्टीच्या आरंभाशी रत्नागिरी जिल्ह्याचा संबंध जन्माचा आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. हे गाव तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात होते; १९८१च्या विभाजनानंतर ते सिंधुदुर्गात गेले. त्याही आधी, १८२८मध्ये, रत्नागिरी शहरात वाचनालय स्थापन झाले होते. म्हणजे मराठी वृत्तपत्र जन्मण्यापूर्वी चार वर्षे वाचनाची संस्था येथे उभी होती. अडचण होती ती या दोन टोकांना जोडणाऱ्या मार्गाची.

१८३७च्या कायद्याने कंपनी सरकारने टपालाची मक्तेदारी स्वतःकडे घेतली, तेव्हा दर अंतरावर आकारला जात असे. कलकत्त्याहून मुंबईस एक तोळा वजनाचे पत्र पाठवण्यास एक रुपया पडे. अंतर वाढेल तसे हशील वाढणार, या तत्त्वाचा अर्थ उघड आहे : प्रकाशनस्थळापासून जो दूर, त्याने वाचनासाठी अधिक मोजावे. १ ऑक्टोबर १८५४पासून हे तत्त्व बदलले. पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो वा देशाच्या दुसऱ्या टोकाला, असा दर ठरला आणि वृत्तपत्रांनाही अंतरनिरपेक्ष आकारणी लागू झाली. इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांच्या योजनेने १८४०मध्ये जे साधले होते, त्याचेच हे हिंदी रूप. अमेरिकेच्या संघराज्याने तर १७९२च्या कायद्यातच वृत्तपत्राला शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापलीकडे दीड सेंट असा नाममात्र दर ठरवला होता. वृत्तपत्राचा प्रसार हा प्रजासत्ताकाच्या अस्तित्वाचा प्रश्न मानला गेल्यामुळे खाजगी पत्रांच्या हशिलातून त्याचा भार उचलणे तेथे योग्य ठरले. हिंदुस्थानात राज्य परकी होते, हेतूही वेगळे होते. परंतु अंतरनिरपेक्ष दराचा परिणाम राज्यकर्त्यांच्या हेतूपुरता मर्यादित राहिला नाही.

दर अंतरनिरपेक्ष झाला, तरी अंतर नाहीसे झाले नाही. कोकणपट्टीत १९९८पर्यंत सलग रेल्वे नव्हती. सह्याद्री आणि समुद्र यांच्या मधल्या या चिंचोळ्या प्रदेशात खाड्यांनी दर काही कोसांवर रस्ता तोडलेला. हरकारे टपालाच्या थैल्या घेऊन घाट उतरत आणि तरीने खाड्या ओलांडत. पुढे आगबोटी आल्या आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे मुंबईशी जोडली गेली. पावसाळ्यात बोटी बंद. मग भिस्त कुंभार्ली किंवा आंबा घाटावर. त्यामुळे रत्नागिरीच्या वाचकाचे वर्ष दोन भागांत विभागलेले होते. एका भागात वर्तमानपत्र समुद्रावरून येई, दुसऱ्या भागात डोंगरावरून.

खुद्द रत्नागिरीतही पत्रे निघाली. जनार्दन हरी आठल्ये यांचे ‘जगन्मित्र’, हरि नारायण लिमये यांनी १८७१मध्ये सुरू केलेले ‘सत्यशोधक’ आणि पुढे ‘बकुळ’, ‘बलवंत’ अशी ही परंपरा आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी निघणाऱ्या साप्ताहिकाचा वाचक शहरात थोडा आणि मंडणगडापासून सावंतवाडीच्या सीमेपर्यंत पसरलेला अधिक. शिवाय तो मुंबईतही होता, कारण या जिल्ह्यातील माणसे गिरण्यांत, गोदीत आणि कचेऱ्यांत कामाला होती. मुंबईहून मनीऑर्डर गावाकडे येई आणि गावचे वर्तमान पत्रातून मुंबईकडे जाई. मनीऑर्डरचे काम १८८०पासून टपालखात्याकडे आले. तेव्हापासून जिल्ह्याचा चरितार्थ आणि जिल्ह्याचे वाचन एकाच थैलीतून चालले, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

३

मराठीत ‘पत्र’ या एकाच शब्दाने खुशालीचे पत्रही सांगितले जाते आणि वर्तमानपत्रही. ‘वृत्तपत्र’, ‘पत्रकर्ता’, ‘पत्रसृष्टी’ या सर्व शब्दांत ते पत्र आहे. ‘प्रभाकर’मध्ये लोकहितवादींनी १८४८पासून जे लेखन केले, त्यालाही पत्रांचेच रूप होते. छापील मजकूर हा अनेकांना एकाच वेळी लिहिलेले पत्र आहे, ही जाणीव भाषेत अशी मुरलेली असताना टपालाच्या कायद्यालाही या दोन पत्रांत भेद करावा लागला. तो भेद कसा केला गेला, हे समीक्षकाने बारकाईने पाहण्याजोगे आहे.

१८९८च्या टपाल कायद्याचे नववे कलम नोंदणीकृत वृत्तपत्राची व्याख्या देते. राजकीय वा इतर बातम्या, त्यांच्याशी संबंधित लेख किंवा अन्य प्रचलित विषय यांनी जे प्रकाशन पूर्णतः अथवा मोठ्या अंशी बनलेले असेल, ते वृत्तपत्र. जाहिराती असोत वा नसोत. त्याला दोन अटी : त्याचे अंक एकतीस दिवसांहून अधिक नसलेल्या अंतराने निघाले पाहिजेत आणि त्याच्या वर्गणीदारांची खरीखुरी यादी असली पाहिजे. या व्याख्येत बसणाऱ्या अंकाला सवलतीचा दर मिळे. विसाव्या शतकाच्या आरंभी हलक्या वजनाच्या नोंदणीकृत वृत्तपत्राला पाव आणा पडत असे. १८७९मध्ये पोस्टकार्ड आले तेही पाव आण्याचे. म्हणजे चार ओळींच्या खुशालीला जे हशील, तेच साऱ्या जगाच्या वर्तमानाला. साप्ताहिकाच्या बावन्न अंकांचे वर्षाचे टपाल तेरा आण्यांत भागे. मासिकाचे तीन आण्यांत.

ही व्याख्या प्रशासकीय सोयीसाठी केलेली असली, तरी तिचे परिणाम वाङ्मयप्रकारांपर्यंत पोचतात. पहिली अट काळाची. एकतीस दिवस म्हणजे मासिक हे सवलतीचे शेवटचे टोक. द्वैमासिक आणि त्रैमासिक या रेषेबाहेर पडले आणि त्यांना बुकपोस्टाचा रस्ता धरावा लागला. केवळ दिवाळीला निघणारा वार्षिक अंक या कलमाच्या दृष्टीने वृत्तपत्र नव्हे. मासिकाचा दिवाळी अंक मात्र मासिकाचाच एक अंक. मराठी वाङ्मयाचा विसाव्या शतकातील मुख्य प्रवाह मासिकांतून वाहिला, याची कारणे अर्थातच अनेक आहेत. परंतु दरमहा निघणे हे टपालदृष्ट्या लाभाचे होते, हे त्यांपैकी एक कारण असून त्याची दखल घेतली गेलेली नाही. क्रमशः कादंबरी, वाद-प्रतिवाद आणि वाचकांचा पत्रव्यवहार यांना जी महिन्याची लय लाभली, तिच्यामागे संपादकीय आवडीइतकाच हा एकतीस दिवसांचा हिशेबही होता.

दुसरी अट वर्गणीदाराची, आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. कायद्याला वाचकांची यादी हवी होती. निनावी गिऱ्हाईक नको होते. वर्गणीदार हा नाव, गाव आणि पत्ता असलेला, संपादकाला ठाऊक असलेला वाचक. तो वर्षाचे पैसे आगाऊ देतो, म्हणजे न लिहिल्या गेलेल्या मजकुरावर विश्वास ठेवतो. १८७७मध्ये व्ही. पी.ची पद्धत सुरू झाल्यावर हा विश्वास वसूल करण्याचे साधनही टपालानेच दिले. व्ही. पी. सोडवून घेण्याची विनंती, परत आलेल्या व्ही. पीं.विषयीची नाराजी, मागील बाकीची आठवण हे मराठी नियतकालिकांच्या पानांवरचे नित्याचे मजकूर याच नात्यातून आलेले आहेत. संपादक वाचकाला ‘आपला’ म्हणतो, त्याच्यावर रुसतो, त्याला बोल लावतो. या स्वराची चर्चा आपण शैलीची बाब म्हणून करत आलो. तिचा उगम वर्गणीदारांच्या वहीतही शोधायला हवा.

४

या व्यवस्थेने रत्नागिरी जिल्ह्याला केवळ वाचक बनवले नाही, लेखकही बनवले. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीस राहत. अस्पृश्यतेविरुद्ध त्यांनी ‘दीनबंधू’ आणि ‘सुधारक’ या पत्रांतून लेखन केले. त्यांचे ‘विटाळ विध्वंसन’ हे पुस्तक १८८८चे. मुंबई-पुण्याच्या सभांत ज्यांना सहज स्थान मिळाले नसते, अशा गृहस्थाचा शब्द दापोलीहून त्या शहरांतल्या पत्रांच्या स्तंभांत पोचतो, तेव्हा मध्ये उभी असते ती पाकीट घेऊन जाणारी व्यवस्था. पाकिटाला जात नसते, असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण सभेच्या दारापेक्षा टपालपेटीचे तोंड अधिक उघडे होते, इतके म्हणता येते.

दुसरे उदाहरण केशवसुतांचे. मालगुंडला १८६६मध्ये जन्मलेल्या या कवीचे आयुष्य निरनिराळ्या गावी शिक्षकाची नोकरी करण्यात गेले आणि १९०५मध्ये हुबळीस त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या कवितांचे पुस्तक हरिभाऊ आपटे यांनी काढले ते १९१७मध्ये, मृत्यूनंतर बारा वर्षांनी. म्हणजे कवीच्या हयातीत त्याच्या कवितेला जो वाचक मिळाला तो नियतकालिकांचा वाचक होता. केवळ कवितेला वाहिलेले ‘काव्यरत्नावली’ हे मासिक १८८७मध्ये निघाले ते जळगावहून, नारायण नरसिंह फडणीस यांच्या संपादकत्वाखाली. कविता छापणारे मासिक एका जिल्ह्याच्या गावातून निघते आणि अनेक वर्षे टिकते, हे त्या गावातल्या खपावर शक्यच नव्हते. आधुनिक मराठी कवितेचा आरंभकाळ हा टपालाने जोडलेल्या, एकमेकांना क्वचितच भेटलेल्या कवींचा आणि वाचकांचा काळ आहे.

याच मालिकेत किर्लोस्करवाडीचा उल्लेख करावा लागेल. १९२०मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने निघालेले पत्र, पुढे ‘किर्लोस्कर’, ‘स्त्री’ (१९३०) आणि ‘मनोहर’ (१९३४) ही मासिके एका कारखान्याच्या वसाहतीतून महाराष्ट्रभर गेली. तेथे बाजारपेठ नव्हती. रेल्वेचे स्थानक आणि टपालाची सोय होती. १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध असलेल्या विनायक दामोदर सावरकरांचे विज्ञाननिष्ठेविषयीचे निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये प्रसिद्ध झाले. लेखकाला जिल्ह्याची सीमा ओलांडता येत नाही, लेख मात्र घाट चढून किर्लोस्करवाडीस जातो आणि छापून पुन्हा घाट उतरतो. त्या निबंधांच्या विचारांशी कोणाचे मतैक्य असो वा नसो, हा प्रवास वाङ्मयव्यवहाराच्या अभ्यासकाला डोळ्यांआड करता येणार नाही. वाईचे ‘नवभारत’ (१९४७) किंवा तत्कालीन औरंगाबादचे ‘अस्मितादर्श’ हीदेखील याच भूगोलाची अपत्ये होत. मराठी वैचारिकतेला एकच राजधानी राहिली नाही, याचे काही श्रेय टपालाच्या समान दराला द्यावे लागेल.

येथे एका सुपरिचित सिद्धान्ताचा विचार करणे आवश्यक आहे. बेनेडिक्ट अँडरसन यांनी १९८३मध्ये मांडले, की एकाच दिवशी एकच वृत्तपत्र वाचणाऱ्या अनोळखी माणसांमध्ये समकालत्वाची भावना निर्माण होते आणि तीतून राष्ट्र कल्पिले जाते. दुसऱ्या दिवशी शिळे होणे हा वृत्तपत्राचा स्वभावधर्म त्यांनी या संदर्भात महत्त्वाचा मानला. रत्नागिरीच्या वाचकाला हे समकालत्व लाभलेले नव्हते. त्याचा अंक येईपर्यंत शहरात तो शिळा झालेला असे. बोट चुकली वा घाटात दरड कोसळली, की दोन आठवड्यांचे अंक एकदम येत. तरीही तो वाचक मराठी समाजाच्या बाहेर राहिला नाही. कारण त्याला इतरांशी जोडणारा धागा एकाच दिवशी वाचण्याचा नव्हता. एकाच क्रमाने वाचण्याचा होता. मागचा अंक, हा अंक, पुढचा अंक. वादाचा पूर्वपक्ष आणि त्याचा उत्तरपक्ष, हा क्रम उशिरा येऊनही अबाधित राही. वसाहतकालीन प्रांतिक वाचकाचा विचार करताना समकालत्वाऐवजी क्रमबद्धता ही संकल्पना अधिक उपयोगी ठरावी. मराठी मासिकांतील वाद महिनोन्महिने चालले, याचाही उलगडा त्यातून अंशतः होतो. ज्या वाचकासाठी ते चालले होते त्याला घाई नव्हती, आणि असती तरी तिचा उपयोग नव्हता.

५

या व्यवस्थेचे गौरवीकरण करण्याचा हेतू नाही. ज्या कायद्याने वृत्तपत्राला स्वस्त दर दिला, त्याच कायद्याच्या सव्विसाव्या कलमाने सार्वजनिक आणीबाणीच्या किंवा सुरक्षिततेच्या कारणावरून टपाल अडवून ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. हा कायदा झाला ते १८९८ साल टिळकांवरील १८९७च्या राजद्रोहाच्या खटल्याला लागून येते आणि राजद्रोहाचे कलम अधिक व्यापक करणारी दुरुस्तीही त्याच वर्षीची. वर्गणीदारांची खरी यादी हा वाङ्मयीन नात्याचा पुरावा होता. पण वाचकांची नावनिशी एका ठिकाणी लिहिलेली असणे पाळत ठेवणाऱ्यालाही उपयोगाचेच होते.

दुसरी मर्यादा सामाजिक आहे. पाव आण्याने अंतराची विषमता मिटवली. साक्षरतेची, पैशाची आणि जातीची विषमता तिच्या आवाक्यात नव्हती. वर्षाची वर्गणी आगाऊ देऊ शकणारा वाचक हा मुळातच एका वर्गाचा वाचक. डॉ. आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले आणि ‘बहिष्कृत भारत’ ३ एप्रिल १९२७ रोजी. दोन्ही पत्रे अल्पायुषी ठरली. आंबेडकरांचे मूळ गाव आंबडवे याच रत्नागिरी जिल्ह्यातले. ज्या समाजासाठी ही पत्रे होती त्याला वर्गणी देणे कठीण होते, आणि वर्गणीदारांच्या यादीवर उभी असलेली व्यवस्था यादीत नाव न घालू शकणाऱ्या वाचकाला ओळखत नव्हती. एक अंक अनेकांनी ऐकणे हा या वाचकाचा मार्ग होता. वाचनालयाने एक वर्गणी भरून अनेकांना वाचू देणे हे त्याचेच मध्यमवर्गीय रूप. टपालाच्या हिशेबात मात्र दोन्हीकडे वाचक एकच.

स्वातंत्र्यानंतर दैनिके हळूहळू एस. टी.च्या गाड्यांवर आणि विक्रेत्यांवर गेली. टपालाकडे उरली ती साप्ताहिके, मासिके आणि लहान वाङ्मयीन पत्रे, म्हणजे ज्यांना विक्रेत्याच्या फळीवर जागा मिळत नाही अशी प्रकाशने. त्यांच्यासाठी सवलत टिकून राहिली. या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत पोस्टकार्ड पन्नास पैशांना आणि पाकीट पाच रुपयांना असताना, पन्नास ग्रॅमपर्यंतच्या नोंदणीकृत वृत्तपत्राला पंचवीस पैसे पडत. जे १८९८ने आखले होते, त्याहूनही हे प्रमाण उदार होते.

६

१८९८चा कायदा आता राहिलेला नाही. त्याची जागा घेणारा २०२३चा टपाल कायदा १८ जून २०२४ रोजी अमलात आला. तो आटोपशीर आहे. सेवा कोणत्या आणि दर कोणते, हे ठरवण्याचे काम त्याने नियमांवर आणि खात्याच्या प्रमुखावर सोपवले आहे. वृत्तपत्र म्हणजे काय, हे सांगणारा मजकूर पूर्वी विधिमंडळाने संमत केलेल्या कायद्याच्या पोटात होता. आता तो प्रशासकीय परिपत्रकाच्या पातळीवर आला. जुन्या कायद्याचे नववे कलम वृत्तपत्रांच्या नोंदणीचे होते. नव्या कायद्याचे नववे कलम टपाल अडवण्याच्या अधिकाराचे आहे. हा क्रमांकांचा योगायोगच म्हणायचा, पण दोन्ही कायदे शेजारी ठेवून वाचणाऱ्याला तो टाळता येत नाही.

डिसेंबर २०२४मध्ये नोंदणीकृत बुकपोस्टाची सेवा बंद झाली. प्रकाशकांच्या नाराजीनंतर १ मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू करण्यात आले. तीनशे ग्रॅमला वीस रुपये आणि पाच किलोला शंभर रुपये, हा दर पुस्तकांच्या दृष्टीने स्वागतार्ह आहे. मात्र ठरावीक काळाने निघणारी प्रकाशने आणि जाहिराती असलेली प्रकाशने या सेवेत घेतली जात नाहीत. दुसरीकडे, १ मार्च २०२४ रोजी अमलात आलेल्या नियतकालिक-नोंदणीच्या कायद्याने वैज्ञानिक, तांत्रिक आणि विद्याविषयक पत्रिकांना ‘नियतकालिक’ या व्याख्येतून वगळले आहे. समीक्षेला वाहिलेले त्रैमासिक या दोन व्याख्यांच्या मधल्या जागेत उभे आहे. पुस्तकांच्या सेवेच्या दृष्टीने ते नियतकालिक, म्हणून तेथे त्याला स्थान नाही. नोंदणीच्या दृष्टीने ते विद्यापत्रिका ठरले, तर नियतकालिकही नाही. एकतीस दिवसांच्या रेषेने त्याला एकदा बाहेर ठेवले होतेच. आता त्याचा जुना आडरस्ताही अरुंद झाला आहे.

यावर, अंक संगणकावरून पाठवता येतो, असे उत्तर दिले जाईल. ते खोटे नाही आणि अनेक पत्रिकांनी तो मार्ग धरलाही आहे. परंतु प्रश्न केवळ मजकूर पोचण्याचा नाही. १८५४च्या दराने एक तत्त्व मान्य केले होते : वाचक कोठे राहतो यावर त्याच्या वाचनाची किंमत अवलंबून असू नये. १८९८च्या व्याख्येने, कितीही अपुऱ्या रीतीने का होईना, दुसरे तत्त्व मान्य केले : ज्याचे वाचक नावानिशी ठाऊक आहेत आणि जे नियमाने निघते, अशा प्रकाशनाचा भार समाजाने थोडा उचलावा. ही दोन्ही तत्त्वे परक्या राज्यकर्त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी स्वीकारली आणि दापोलीच्या निवृत्त सैनिकापासून मालगुंडच्या कवीपर्यंत अनेकांनी त्यांचा उपयोग स्वतःच्या हेतूंसाठी करून घेतला. आज तीच तत्त्वे आपल्याच राज्यात पुन्हा मांडून दाखवावी लागतील.

ती मांडण्याचे काम समीक्षेचेही आहे. वाङ्मयीन संस्कृतीचा अभ्यास करणाऱ्यांनी जुन्या अंकांची वेष्टने फेकून दिली आणि मजकूर जपला. ग्रंथालयांनी बांधणी करताना वर्गणीची सूचना असलेली मलपृष्ठे काढून टाकली. त्या वेष्टनांवर आणि मलपृष्ठांवर मराठी वाचकाचा पत्ता होता. तो पुन्हा शोधायचा, तर जिल्ह्याजिल्ह्यांतील वाचनालयांचे जमाखर्च, नियतकालिकांच्या वर्गणीदारांच्या वह्या आणि टपालखात्याची दरपत्रके ही वाङ्मयेतिहासाची साधने मानावी लागतील. रत्नागिरीपासून हा आरंभ करण्यास हरकत नाही. वर्तमानपत्राच्याही आधी वाचनालय उभारणाऱ्या त्या गावाने मुंबईच्या अंकाची वाट सर्वांत दीर्घकाळ पाहिली आहे.